थंडीत गोंद का धरत नाही? घरच्या सुतारकामासाठी तापमान, दवबिंदू आणि स्मार्टफोनचा योग्य वापर

आजचा विषय जरा वेगळा आहे. नेहमी आपण ॲप, बॅटरी, सेन्सर याबद्दल बोलतो. आज तेच सगळं घेऊन आपण सुतारकामाच्या शेडमध्ये जाणार आहोत.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. नोकरी पुण्याच्या कंपनीत, पण काम बहुतेक वेळा घरूनच चालतं. घर म्हणजे सोनाळा, बुलढाणा जिल्ह्यातला संग्रामपूर तालुका, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. आमच्या जुन्या गोठ्यावर पत्रे टाकून मी छोटी वर्कशॉप केली आहे. लॅपटॉप बंद झाला की रात्री तिथे रंधा आणि करवत.

गेल्या डिसेंबरमध्ये बहिणीच्या मुलीच्या बारशासाठी मी सागवानी पाळणा करायला घेतला. खाचा, कुसू सगळं नीट बसवलं. रात्री साडेदहाला पांढरा गोंद लावून क्लॅम्प आवळले आणि झोपलो. दोन दिवसांनी क्लॅम्प काढले. पाळणा दिसायला एकदम पक्का होता. बाबांनी सवयीप्रमाणे आधी त्यात दहा किलो गव्हाची पिशवी ठेवली आणि हलकासा झोका दिला. कट्ट असा आवाज झाला, एका बाजूची कुसू खाचेतून बाहेर आली आणि पिशवी खाली पडली.

गव्हाच्या जागी बाळ असतं तर? हा विचार आजही डोक्यातून जात नाही. म्हणून हा लेख. काय चुकलं, का चुकलं आणि फोनच्या मदतीने ते आधीच कसं ओळखायचं, हे क्रमाने पाहूया.

आपल्याकडची थंडी वेगळी कशी?

यूट्यूबवरचे थंडीतल्या सुतारकामाचे व्हिडिओ बहुतेक बर्फाच्या देशातले असतात. तिथे महिनोनमहिने सतत थंडी असते. आपल्याकडे तसं नाही. आपली खरी अडचण म्हणजे दिवस आणि रात्र यांच्यातला फरक.

माझ्या शेडमधल्या सेन्सरवर जानेवारीतल्या एका दिवसाचे आकडे असे होते: पहाटे साडेसहाला ९.४ अंश सेल्सिअस आणि दुपारी तीनला २८.९ अंश. म्हणजे नऊ तासांत जवळपास २० अंशांचा फरक! याची कारणं सोपी आहेत. आकाश निरभ्र असलं की जमिनीची उष्णता रात्री भराभर निघून जाते. त्यात डोंगरउतारावरची थंड हवा जड असल्याने खाली सरकते. आणि पत्रा तर आकाशाकडे उष्णता फेकून आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होतो. सकाळी पत्र्याला आतून घाम फुटलेला दिसतो, तो त्यामुळेच.

विदर्भाची थंडी किरकोळ समजू नका. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत खाली गेला होता.

गोंद थंडीत का धरत नाही?

लाकडासाठी आपण जो पांढरा गोंद वापरतो, तो पीव्हीए म्हणजे पॉलिव्हिनाइल ॲसिटेट. हे पाण्यात तरंगणारे प्लास्टिकचे अतिशय बारीक कण असतात. पाणी लाकडात शोषलं जातं, थोडं हवेत उडतं, आणि कण जवळ येऊन एकमेकांत मिसळतात. त्यातून सलग, पारदर्शक पापुद्रा तयार होतो. जोड पकडून ठेवतो तो हा पापुद्रा.

पण कण एकमेकांत मिसळायला थोडी ऊब लागते. एका ठराविक तापमानाच्या खाली पाणी तर निघून जातं, पण कण कडकच राहतात, मिसळत नाहीत. मग पापुद्र्याऐवजी खडूसारखी पांढरी भुकटी उरते. माझ्या पाळण्याच्या खाचेत नेमकी हीच भुकटी होती.

ही मर्यादा प्रत्येक गोंदाची वेगळी असते. लाकडाच्या बऱ्याच पांढऱ्या गोंदांसाठी ती १० अंशांच्या आसपास असते. डब्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात ती दिलेली असते. मी ती वाचलीच नव्हती, त्यामुळे चूक गोंदाची नाही, माझी.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवा:

१. हवेपेक्षा लाकडाचं तापमान महत्त्वाचं. सकाळी दहाला हवा उबदार वाटते, पण रात्रभर फरशीवर पडलेली फळी अजून गारच असते. आमच्या शेजारच्या सुतारकाकांना मी तुटलेला जोड दाखवला, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, "गोंद लावायच्या आधी लाकडाले हात लावून पाह्यलं होतं काय तू?" पूर्वी ते सरस शिजवून वापरायचे. सरस गार लाकडाला लागला की लगेच गोठतो, म्हणून आधी लाकूड उन्हात ठेवायची त्यांची सवय. पांढरा गोंद आला तरी ती सवय त्यांनी सोडली नाही.

२. गोंद लावतानाचं नाही, तर पुढच्या काही तासांचं तापमान बघा. मी गोंद लावला तेव्हा शेडमध्ये १३ अंश होते. पण गोंद वाळत होता तेव्हा पारा खाली खालीच जात होता.

फोनमध्ये थर्मामीटर असतो का?

हा प्रश्न खूप जण विचारतात. उत्तर: फोनमध्ये तापमानाचे सेन्सर असतात, पण ते बॅटरी आणि प्रोसेसरचं तापमान मोजतात, खोलीचं नाही. खिशातून काढलेला फोन ३२ अंश दाखवेल आणि शेडमध्ये १० असतील. २०१३ च्या सॅमसंग गॅलॅक्सी एस४ मध्ये हवेचं तापमान आणि आर्द्रता मोजणारा वेगळा सेन्सर होता, पण ही सोय पुढे फोनमध्ये रुजली नाही. त्यामुळे "रूम टेम्परेचर" दाखवणारं ॲप एकतर बॅटरीचा आकडा दाखवतं किंवा इंटरनेटवरून जवळच्या शहराचं हवामान आणतं.

जवळच्या शहराचा आकडाही जपून वापरा. बुलढाणा शहर घाटावर आहे आणि आम्ही घाटाखाली. जिल्हा एकच, पण हवा वेगळी. भारतीय हवामान विभागाचं 'मौसम' ॲप २०२० पासून उपलब्ध आहे. थंडीची लाट येते आहे का, हे कळायला ते चांगलं. पण तुमच्या शेडमधल्या फळीचं तापमान ते सांगू शकत नाही.

मग काय वापरायचं?

- डिजिटल तापमान-आर्द्रता मीटर: सगळ्यात सोपा आणि स्वस्त पर्याय. ब्लूटूथवाला घेतला तर रात्रभराचा आलेख फोनवर दिसतो.
- ईएसपी३२ बोर्ड आणि सेन्सर: थोडं कोडिंग येत असेल तर हा पर्याय भारी. डीएचटी११ सेन्सर स्वस्त आहे, पण तापमानात २ अंशांपर्यंत चुकू शकतो. आपल्याला १० आणि १२ अंशांमधला फरक कळायला हवा, म्हणून डीएचटी२२ किंवा एसएचटी३१ घ्या.
- इन्फ्रारेड थर्मामीटर: लाकडाचं तापमान लांबून मोजतो. पण चकचकीत लोखंडावर तो चुकीचा आकडा देतो, कारण चमकदार पृष्ठभाग आजूबाजूची उष्णता परावर्तित करतो. तिथे कागदी मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा, दोन मिनिटं थांबा आणि टेपवर मोजा.

सेन्सर भिंतीला, पत्र्याला किंवा खिडकीला लावू नका. ज्या टेबलावर काम करता त्याच उंचीवर, सावलीत ठेवा.

आर्द्रता मीटर बरोबर आहे का? मिठाची चाचणी

बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, त्यावर थोडंसं पाणी टाका. ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे, विरघळायला नको. हे झाकण आणि मीटर हवाबंद डब्यात किंवा झिपच्या पिशवीत शेजारी शेजारी ठेवा. घरात जिथे तापमान फारसं बदलत नाही तिथे रात्रभर राहू द्या. मिठाच्या संपृक्त पाण्यावरची हवा नेहमी ७५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रतेवर स्थिरावते. तुमचा मीटर ७० दाखवत असेल, तर तो त्या पातळीला ५ ने कमी दाखवतो हे लक्षात ठेवा. झाली चाचणी!

दवबिंदू म्हणजे काय आणि पटाशी का गंजते?

हवा थंड होत गेली की एका तापमानाला तिच्यातली वाफ पाणी होऊन वस्तूंवर बसते. त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात. थंड पाण्याच्या ग्लासला बाहेरून पाणी सुटतं ना, तेच.

आर्द्रता ५० टक्क्यांहून जास्त असेल तर हे सोपं सूत्र चालतं:

दवबिंदू = तापमान − (१०० − आर्द्रता) ÷ ५

उदाहरण: सकाळी आठ वाजता हवा १६ अंश, आर्द्रता ८० टक्के.
१०० − ८० = २०. भागिले ५ = ४. मग १६ − ४ = १२.
दवबिंदू साधारण १२ अंश.

आता बघा. सकाळी हवा पटकन तापते, पण लोखंडी शिकंजा, करवतीचं पातं, रंध्याची पोलादी पट्टी जड असल्याने मागे राहतात. ती अजून १०-११ अंशांवर असतील, तर त्यांच्यावर न दिसणारा पाण्याचा थर बसतो. दुपारी तो उडून जातो, पण गंजाचे ठिपके ठेवून जातो. आजूबाजूला हरभऱ्याला, गव्हाला पाणी चालू असेल तर हवेत ओल आणखी जास्त.

उपाय:
- रात्री हत्यारं सुती कापडात गुंडाळून लाकडी पेटीत ठेवा. पेटीत तापमान हळू बदलतं.
- लोखंडी पृष्ठभागावर मेणाचा पातळ हात द्या. तेलही चालतं, पण तेलाचा डाग लाकडाला लागला तर तिथे गोंद आणि पॉलिश धरत नाही.
- सकाळी शेडचं दार लगेच सताड उघडू नका. लोखंड हाताला बर्फासारखं लागत असेल तर थोडं थांबा.

थंडीच्या कोरड्या हवेत लाकूड का आकसतं?

लाकूड हवेशी सतत पाण्याची देवाणघेवाण करतं. हवेची आर्द्रता बराच काळ एकसारखी राहिली की लाकडातलं पाणीही ठराविक प्रमाणावर येतं. २० अंशांच्या आसपासचे ढोबळ आकडे:

- आर्द्रता ३० टक्के: लाकडात पाणी सुमारे ६ टक्के
- आर्द्रता ५० टक्के: सुमारे ९ टक्के
- आर्द्रता ८० टक्के: सुमारे १६ टक्के

पावसाळ्यात १४ टक्क्यांवर असलेली सागवानाची ३०० मिलिमीटर रुंद फळी हिवाळा-उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत ८ टक्क्यांवर आली, तर तिची रुंदी सव्वातीन-साडेतीन मिलिमीटरने कमी होऊ शकते. हे झालं आडव्या रेषांच्या, म्हणजे वर्तुळांना समांतर कापलेल्या फळीचं. वर्तुळांना काटकोनात कापलेली फळी याच्या साधारण निम्मीच आकसते. आणि लांबीत फरक जवळजवळ पडतच नाही. सागवान यात शहाणं लाकूड आहे, इतर बरीच लाकडं याहून जास्त हलतात.

म्हणून रुंद फळी चारही बाजूंनी गोंद लावून जखडू नका. चौकटीत पॅनेल बसवत असाल तर ते खोबणीत मोकळं ठेवा, जागा सोडा. नाहीतर फळी मधोमध तडकते.

पॉलिश पांढरं का पडतं?

स्पिरिट पॉलिश किंवा लॅकर लावलं की त्यातलं द्रावण उडताना पृष्ठभाग थंड करतं, जसं हाताला सॅनिटायझर लावल्यावर गार वाटतं. लाकूड आधीच थंड आणि हवा दमट असेल तर पृष्ठभाग दवबिंदूच्या खाली जातो. मग पाण्याचे बारीक कण पॉलिशमध्ये अडकतात आणि पांढरट ढग दिसतो.

रंगकामातला नियम इथेही उपयोगी आहे: पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त हवं. पहाटे आणि रात्री पॉलिश टाळा.

कॉर्डलेस ड्रिलची बॅटरी थंडीत लवकर का संपते?

लिथियम-आयन बॅटरीत थंडीमुळे आयनांची हालचाल मंदावते, त्यामुळे ताकद कमी वाटते. हे तात्पुरतं असतं. खरा धोका थंड बॅटरी चार्ज करण्यात आहे. शून्य अंशाखाली चार्ज केल्यास आत लिथियम धातूचा थर बसू शकतो आणि बॅटरी कायमची खराब होते. आपल्याकडे शून्य होत नाही, पण बऱ्याच टूल कंपन्या त्याच्याही वरची मर्यादा देतात, काही तर १० अंशांची. सोपा नियम: बॅटरी आणि चार्जर रात्री घरात ठेवा, शेडमध्ये नको.

सगळ्यात महत्त्वाचं: बंद शेडमध्ये शेगडी पेटवू नका

पाळण्याचा जोड सुटल्यावर मी काय केलं? कोळशाची शेगडी पेटवून शेडमध्ये ठेवली आणि ऊब जाऊ नये म्हणून दार लावून घेतलं. पाऊण तासात डोकं जड झालं, मळमळायला लागलं. मला वाटलं जागरणामुळे असेल. तेवढ्यात आई चहा घेऊन आली, दार उघडं टाकून मला बाहेर ओढलं आणि जे बोलायचं ते बोलली.

तो कार्बन मोनॉक्साइड होता, हे मला नंतर वाचल्यावर समजलं. कोळसा अर्धवट जळला की हा वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो. डोकेदुखी, चक्कर, मळमळ ही सुरुवातीची लक्षणं, आणि नंतर माणूस उठायच्या स्थितीतच राहत नाही.

- कोणताही फोन किंवा ॲप कार्बन मोनॉक्साइड ओळखू शकत नाही. त्यासाठी वेगळा डिटेक्टर लागतो.
- खोलीचं दार किंचित फटीएवढं उघडं ठेवणं पुरेसं नाही.
- त्रास वाटला तर आधी मोकळ्या हवेत या, मग १०८ ला फोन करा.
- भुसा, थिनर आणि उघडी आग एकत्र म्हणजे आगीला निमंत्रण.

गॅसची शेगडीही नको. एक किलो एलपीजी जळल्यावर साधारण १.६ किलो पाणी वाफेच्या रूपात हवेत येतं. ते जाऊन बसतं तुमच्या थंड हत्यारांवरच.

मग ऊब कशी द्यायची?

पूर्ण शेड तापवायची गरजच नाही. फक्त जोड उबदार हवा.

१. गोंदाची बाटली घरात ठेवा. वापरण्याआधी हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्याच्या भांड्यात पंधरा मिनिटं ठेवा.
२. लाकूड सकाळपासून उन्हात ठेवा, पण मधून मधून उलटत राहा. एकाच बाजूने तापलं तर फळी वाकते.
३. गोंद सकाळी ११ ते दुपारी २ दरम्यान लावा. म्हणजे उबेचे चार-पाच तास मिळतात.
४. संध्याकाळी पाच वाजता क्लॅम्पसह वस्तू घरात आणा. मोठी असेल तर त्यावर गोधडी टाका.
५. क्लॅम्प डब्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवा. मी थंडीत पूर्ण २४ तास ठेवतो.

मी ईएसपी३२ वर एक छोटा नियम लिहिला आहे: शेडचं तापमान १५ अंशांच्या खाली गेलं की फोनवर मेसेज येतो, "आज गोंद नको." मर्यादा मुद्दाम वर ठेवली आहे, म्हणजे सेन्सर थोडा चुकला तरी जोड सुरक्षित राहतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

खराब झालेल्या जोडावर पुन्हा गोंद लावला तर चालेल का?
नाही. वाळलेल्या गोंदावर नवा गोंद नीट धरत नाही. पटाशीने खरवडून स्वच्छ लाकूड उघडं करा. अडकलेला गोंद कोमट पाण्याने किंवा व्हिनेगरने मऊ होतो. त्यानंतर लाकूड पूर्ण वाळू द्या.

जोड खडूसारखा झाला आहे हे बाहेरून कळतं का?
कडेला बाहेर आलेला गोंद बघा. वाळल्यावर तो पारदर्शक आणि चिवट असेल तर ठीक. पांढरा राहून नखाने भुगा होत असेल तर आतही तसाच समजा.

इपॉक्सी वापरलं तर थंडीचा त्रास नाही ना?
आहे. इपॉक्सी थंडीत घट्ट होतं, नीट मिसळत नाही आणि वाळायला खूप वेळ घेतं. तेही दुपारीच वापरा.

शेवटी

पाळण्याचे सगळे जोड मी खरवडून काढले. एक कुसू नवीन करावी लागली. दुसऱ्या वेळी दुपारी बारा वाजता, अंगणातल्या उन्हात, काकांसमोर गोंद लावला. बारशाच्या आधी दोन दिवस पाळण्यात पंचवीस किलो गहू ठेवून आम्ही सगळ्यांनी आळीपाळीने झोके दिले. काही हललं नाही. मग बहिणीला सांगितलं, आता बाळाला ठेव.

सेन्सर, आलेख, नोटिफिकेशन सगळं कामाचं आहे. पण गोंदाची बाटली उघडण्याआधी मी आजही पहिल्यांदा फळीवर तळहात ठेवतो. गार लागली तर त्या दिवशी नुसती करवत चालवायची, गोंद उद्या दुपारी.

तुमच्या घरी कुणी थंडीत सुतारकाम करत असेल, तर निदान शेगडीवाला भाग त्यांना आजच वाचून दाखवा.